सातविणीचं कडू

चहा आला. सगळ्यांना कपबशी. मला बीकर.

त्याच बीकरमध्ये आम्ही सातविणीच्या सालीचा अर्क आटवायचो. शिपायानं तो नुसता विसळलेला. मी घोट घेतला. घशापर्यंत कडू.

"कडू लागतोय का रे?" आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, डॉक्टरसाहेबांनी विचारलं. "तुम्हा लोकांना सवय असेल की."

सगळे हसले. मीही हसलो. आणि तो चहा संपवला.

मी एम.एस्सी. झालेलो. कल्याणच्या आमच्या महारवाड्यातला पहिला. वडील रेल्वेच्या गँगमध्ये रूळ ठोकायचे. मी ठाण्याला, कोलशेतच्या खाडीकडे, एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागलेलो. काम एकच. सातविणीच्या सालीत जो कडू पदार्थ असतो, त्याच्या रेणूची रचना शोधायची.

रेणू डोळ्यांना दिसत नाही. तो फोडायचा. तुकडे ओळखायचे. मग ते मुळात कसे जोडलेले होते, ते सिद्ध करायचं. माझी वर्षं त्यात गेली. कॉस्टिक सोड्यानं बोटांची सालटी निघायची. एक तुकडा काही केल्या बसत नव्हता. शेवटी कळलं, आपण सहा अणूंचं धरलेलं वलय पाचांचंच आहे. तसं धरलं आणि सगळं जुळलं. मी एकटाच तिथं मोठ्यानं ओरडलो.

वाटलं, आता तरी हे मला कपबशी देतील.

पुण्याहून एक मोठे प्राध्यापक आले. साहेबांनी माझी रचना फळ्यावर काढली. प्राध्यापक खुर्चीतून उठलेच.

"हे वलय कोणी पकडलं?"

"मीच," साहेब म्हणाले.

प्राध्यापकांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि हे कोण?"

"हा? हा साल कुटतो. यांच्या हातांना जोर असतो."

मी उभा राहिलो. "वलय मी पकडलं. रचना माझी आहे."

प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. म्हणाले, "चला, जेवणाचं बघू या."

संध्याकाळी फाटकावर पहारेकऱ्यानं चोरीचा आळ घेऊन झडतीसाठी माझे कपडे उतरवले. पॅकिंगच्या बायका सुटत होत्या, त्यांच्यासमोर. चोरीला काय गेलं, ते कोणी सांगितलं नाही. सापडलं काहीच नाही. नोकरी मात्र गेली.

काही दिवसांनी शिपाई घरी आला. "साहेब म्हणतात, पाहुण्यांसमोर बोललास त्याची माफी माग. परत घेतील."

आई म्हणाली, "माग रं बाबा. दोन शब्दांनी काय झिजतंय तुझं?"

तेव्हा लख्ख कळलं. इतकी वर्षं मी पुरावे देत होतो. रेणूचे, आणि माझेही. रेणूचे त्यांनी घेतले. मी माणूस असल्याचा पुरावा त्यांना कधीच नको होता.

"नाही मागणार," मी शिपायाला म्हणालो. "आणि साहेबांना सांग, ते जिथं जिथं ही रचना स्वतःची म्हणतील, तिथं मी उभा राहीन."

शिपाई गेला. आई रडायला लागली. मी तिची समजूत काढली नाही. या घरातून यापुढे माफी जाणार नाही, एवढंच सांगितलं.