बुढीची माती

त्या बाईनं दात काढले. लेकराच्या तोंडावर. माह्या बायकोच्या मयतीवर.

खोली साळेतली होती. जर्मनीतली साळा. लहान लेकरायच्या लहान खुर्च्या. मी त्याच खुर्चीवर बसलो होतो, टोंगळे छातीले लागले होते. बाजूले माहा पोरगा. त्याच्या मांडीले टेकून माही नात तनू, सहा वर्साची. समोर तिची मास्तरीण, उंच, पांढऱ्या केसाची. अन् मास्तरणीच्या बाजूले पुण्याच्या मॅडम. माहा पोरगा ज्या कंपनीत मशिनी बसवते, तिथल्या मोठ्या सायबाची बायको. तनूचं बोलणं मास्तरणीले जर्मन भाषेत सांगासाठी तिले बोलावलं होतं. आल्याबरोबर तिनं पोराले पहिलं आडनाव इचारलं. आयकलं, अन् म्हणे, "अच्छा, अच्छा." दोन खेपा म्हणे. काऊन दोन खेपा, ते आमाले समजते.

मंग तनूकडं वाकून म्हणे, "बाळ, तू डबा मातीत का पुरतेस?"

तनू म्हणे, "बुढीसाठी."

"बुढी? कोण बुढी?"

"आमची बुढी. तिची माती झाली."

मॅडम हसल्या. चांगल्या खुदूखुदू हसल्या. "माती झाली! आजीची माती झाली म्हणे!" मंग माह्या पोराकडं पाहून, "अहो, ही कुठली मराठी? घरी जरा शुद्ध बोलत जा हो. मला अर्धं कळतच नाही."

अन् माहा पोरगा हसला. खाली मान घालून, पण हसला. हे मले आजवरोक गिळता आलं नाही. त्याचीच माय होती ते.

मास्तरीण नाही हसली. ते मॅडमच्या तोंडाकडं पाहत होती. मॅडमनं तिले लंबं काहीतरी सांगतलं. मास्तरणीनं कपाळाले आठ्या घातल्या अन् लिवून घेतलं.

मी चवथी शिकलेला माणूस हाव. जसं बोलतो तसंच लिवून राह्यलो. पुढं कोणी दुरुस्त करू नये म्हणून आधीच सांगतो.

आमच्या जानेफळकडं कोणी मेलं का लोकं इचारतात, "माती कव्हा हाय?" जाळलं तरी मातीच. मातीले जायचं, मातीहून यायचं. अन् बुढी म्हणजे बुढी. आमच्यात मायले बुढी म्हणतात, आजीले म्हणतात, बायकोले म्हणतात. त्यात अपमान नाही, जीव असते. मी तिले लगनाच्या चार-पाच वर्सातच बुढी म्हणाले लागलो होतो. ते चिडे. मंग म्हतारी झाली अन् म्हणे, "आता तरी खरं बोलून राह्यले तुमी."

ते गेली तव्हा तनू शेजारणीच्या घरी ठेवली होती. मेहकरच्या दवाखान्यातून जीप परत आली, तव्हा लेकरानं पाहू नये म्हणून. वावराच्या बांधाले तिले जाळलं. दिवसभर तनूच्या कानावर एकच शब्द. माती कव्हा हाय. माती झाली काय. लेकरू रात्री घरी आलं, बुढीच्या गोधडीवर बसलं अन् मायले म्हणे, "बुढी कुठी हाय?" सूनबाईच्या तोंडून गेलं, "तिची माती झाली वं बाई."

लेकरानं ते खरं धरलं. बुढीची माती झाली. म्हणजे बुढी मातीत हाय.

मंग पोराले कंपनीनं एका वर्सासाठी जर्मनीले धाडलं. बायको-पोरगी संगं नेता येत होती. गावात मी एकटाच राहीन म्हणून त्यानं मलेबी थोड्या दिवसासाठी नेलं. मी नाही म्हणत होतो. तनू म्हणे, "आबा, तू नाही आला त मी कोणासंग बोलू?" म्हणून गेलो.

तठी सकाळ होतच नव्हती. साळेची वेळ व्हायची अन् बाहेर अंधार. धुकं असं का समोरचं झाड दिसे नाही. लेकरं पाठीवर मोठमोठाले दप्तर घेऊन एकामागं एक चालत, कोणी बोंबलत नाही, कोणी भांडत नाही. आमच्या साळेचा कल्ला वेशीवरून आयकू येते. तठी फाटकापाशी उभं राहून मले वाटे, आत कोणी हायच नाही. कुंपणावर काळे कावळे बसेल राहत. तेबी मुके. तनू काचेच्या दारातून आत जाये अन् काचेतून माह्याकडं पाहत राहे. कोणीतरी तिले खांद्याले धरून आत नेई. दार आपोआप लागे. त्याचा आवाजबी येत नव्हता.

साळेच्या मागं लेकरायनं भाजी लावासाठी वाफे केले होते. तनूनं ती माती पाह्यली. सूनबाई तिले डब्यात भाकर देत होती, घरून ज्वारीचं पीठ नेलं होतं. तनू अर्धी भाकर खाये अन् अर्धी वाफ्यात पुरे. मंग वाकून मातीले कान लावे. बुढीले पोळी चालत नव्हती, भाकरच लागे. लेकराच्या ध्यानात होतं ते.

मास्तरणीनं हे रोज पाह्यलं अन् ते घाबरली. तिची चूक मी धरत नाही. तिनं इचारासाठी आमाले बोलावलं. सांगणारीनं काय सांगतलं, ते मंग पोरानं मले घरी सांगतलं. मॅडम म्हणे, हे लोकं लय आतल्या गावचे हायेत. पोरीले धड मातृभाषाच येत नाही. कोण्या म्हाताऱ्या बाईचा चिखल झाला असं काहीबाही तिच्या डोक्यात हाय.

म्हणजे बुढी मेली, हे मॅडमनं सांगतलंच नाही.

"अन् तू काऊन नाही सांगतलं बे?" मी पोराले इचारलं.

"बाबा, मले तेवढी जर्मन येत नाही. अन् मॅडमच्या मधात कसं बोलू? सायबाची बायको हाय ते."

"हसाले आलं ना पण."

तो उठून बाहेर गेला.

दुसऱ्या हप्त्यापासून तनूले वर्गातून काढून लंब्या गल्लीच्या टोकाच्या खोलीत बसवाले लागले. तठी एक बाई तिले चित्रं दाखवे अन् लाकडाचे ठोकळे रचाले लावे. वाफ्याकडं जाणं बंद. आमच्या घरी रोज कालवण चुलीवर असताना घडाघडा बोलणारी पोरगी ते. गाईचं नाव, शेजारणीचं भांडण, कोणाची कोंबडी कोणाच्या घरात शिरली, सारं सांगे. त्या खोलीतून ते बाहेर ये, अन् रोज थोडी कमी होऊन ये.

एक दिवस आमी बसमधी होतो. मी म्हणलं, "तनू, थंडी वाजून राह्यली काय तुले?"

तिनं माह्या तोंडावर हात ठेवला. लहानसा हात, हातमोजा घातलेला. इकडंतिकडं पाह्यलं अन् हळूच म्हणे, "आबा, तू बोलू नको. कोणी आयकन."

मी बसभर नजर फिरवली. बसमधी आमची बोली समजणारं एक माणूस नव्हतं. तरी लेकरू भेत होतं. म्हणजे मॅडम आता बसमधीबी होत्या. घरातबी होत्या. लेकराच्या तोंडात जाऊन बसल्या होत्या.

घरी ते मायसंग खुणेनं बोलाले लागली. पाणी पायजे त गिलास दाखवे. मी संध्याकाळी तिच्यापाशी बसून बुढीच्या गोठी सांगे, त ते कानावर उशी घेई. पोरगा म्हणे, "होईल बाबा ठीक. नवीन जागा हाय." सूनबाई रडे. मले रात्रीची झोप नव्हती. बुढी मेली तव्हा मी तिचं तोंड शेवटचं पाह्यलं होतं. ह्या लेकराचं तोंड माह्या डोळ्यादेखत बंद होऊन राह्यलं, अन् मी खिडकीत बसून कावळे पाहत होतो.

मंग दुसऱ्यांदा बोलावणं आलं. तीच खोली, त्याच खुर्च्या, तनू बापाच्या मांडीले टेकलेली. टेबलावर कागद. तनूले ह्या साळेतून काढून, ज्या लेकरायले समज कमी असते त्यायच्या साळेत धाडायचं. बापाची सही पायजे.

मॅडम म्हणे, "घाबरू नका. तिच्या भल्याचंच आहे. तिथे तिच्या बुद्धीनुसार शिकवतील."

पोरानं पेन घेतला. मी त्याचा हात धरला.

"सही करू नको."

"बाबा..."

"आधी ह्या मास्तरणीले सांग. ह्या पोरीची आजी मेली म्हणावं. तुले येते तेवढ्या जर्मनीत सांग. नाही येत त मुक्यावानी सांग."

मॅडम हसल्या. पुन्हा तेच हसू. "काका, भावना समजतात हो तुमच्या, पण..."

"मले काका म्हणू नका," मी म्हणलं. "माह्या बायकोच्या मयतीवर हसल्या तुमी. ह्याच खोलीत."

त्या पांढऱ्याफटक पडल्या. "मला काय माहीत? ती तर म्हणाली, माती झाली."

"तुमच्याकडं माणूस मेल्यावर काय म्हणतात?"

"म्हणजे... गेले म्हणतात. देवाघरी गेले."

"देवाचं घर तुमी पाह्यलं हाय काय?"

त्या टेबलावरचा कागद सरळ कराले लागल्या.

"मी माती पाह्यली. ह्या हातानं आग देली अन् ह्या हातानं राख सावडली. आमचं खोटं अन् तुमचं शुद्ध, हे कोणं ठरवलं?"

माहा आवाज चढला होता. मास्तरीण उभी राह्यली होती. माह्या पोराचं तोंड लाल झालं होतं, सायबाची बायको समोर होती, त्याची नोकरी समोर होती. पण त्यानं पेन खाली ठेवला. तोडक्या जर्मनीत दोन-तीन शब्द बोलला. मंग कपाळाले हात लावून डोळे मिटून दाखवलं. "माही माय," म्हणे मराठीत, अन् रडला. तिच्या मातीलेबी रडला नव्हता तो.

मास्तरीण समजली. तिनं तो कागद उचलला, मधातून फाडला, अन् मॅडमकडं अशी पाह्यली का मॅडमनं पर्स उचलली. मंग मास्तरीण तनूपुढं खाली बसली. तिचे हात हातात घेतले. काहीतरी इचारलं, हळू.

मी म्हणलं, "सांग वं तनू. सांग बाईले बुढीचं."

तनूनं माह्याकडं पाह्यलं. मंग मॅडमकडं. मंग ताठ उभी राह्यली, साळेत कविता म्हणतात तशी, अन् म्हणे,

"माझी आजी देवाघरी गेली."

एक शब्द चुकला नाही. दारातल्या मॅडमच्या तोंडावर पुन्हा हसू आलं. "बघा, किती छान बोलते!" म्हणे.

तनूले तिचा वर्ग परत भेटला. पोराची नोकरीबी राह्यली. लोकं म्हणतात, जिंकलं तुमी. मी त्या खोलीतून बाहेर आलो तव्हा मले असं वाटलं का बुढीले दुसऱ्यांदा नेलं. अन् ह्यावेळी मातीबी नाही झाली.

वर्स सरलं. मी आधीच परतलो होतो, आता बाकीचेबी आले. पोरगा पुण्याले, तनू अन् तिची माय जानेफळले माह्यापाशी. तनू मेहकरच्या इंग्रजी साळेत जाते, दारात बस येते. ते बोलते आता. शुद्ध बोलते. मले "तुम्ही" म्हणते. वावराच्या बांधावरून जाताना, जठी बुढीले जाळलं तठून, खाली पाहत नाही. मातीत हात घालत नाही. हात मळतात म्हणते.

परवा तिच्या साळेतले सर घरी आले होते. साळेच्या कार्यक्रमात तनूनं स्टेजवर बोलायचं हाय, परदेशातल्या साळेबद्दल. भाषण सरायनंच लिवून आणलं होतं. चहा पिता पिता मले म्हणे, "आजोबा, एक विनंती. घरी तिच्याशी हे असं गावठी बोलत जाऊ नका. इतकी सुंदर भाषा झालीय, बिघडेल."

जर्मनी लय दूर हाय असं मले वाटत होतं. ते माह्या ओट्यावर बसून चहा पिऊन राह्यली होती.

मी सरायले म्हणलं, "चहा झाला ना? मंग निंघा." त्यायचं भाषण त्यायच्या हातात देल्लं. सूनबाई घाबरली. तनू दारात उभी राहून पाहत होती. काही बोलली नाही.

न बोलू दे. मी बोलन. रोज बोलन. बसमधी, बाजारात, तिच्या साळेच्या फाटकात, मोठ्यानं. ते कानावर उशी घेईल, मी उशीवरून बोलन. ते तोंडावर हात ठेवन, मी हात काढन. ज्याले हसायचं त्यानं आता माह्यासमोर येऊन हसावं.

मी म्हतारा झालो, छाती दुखते, मले माहीत हाय पुढं काय हाय. पण ज्या दिवशी मी मरन, त्या दिवशी लोकं दारात येऊन इचारतीन अन् तनूनं दारात उभं राहून सांगायचं हाय. "आबा देवाघरी गेले" असं नाही. सांगायचं हाय, "आबाची माती हाय."

तनू हे म्हणाले शिकत नाही, तवरोक मी मरत नाही.