व्हय महाराजा

जत्रेच्या सकाळी देवळात गाऱ्हाणं चाललं होतं. मुंबईहून आलेला माझा धाकटा भाऊ नारळ ठेवून हात जोडून उभा होता. गावकरकाका त्याच्या वतीने देवाशी बोलत होते.

"बा देवा महाराजा! ह्यां तुझां लेकरू पोटासाठी लांब ऱ्हवता. तेच्या नोकरीक यश दी, तेची इडापिडा दूर कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळा गाव एका सुरात गरजला.

मी जळतो त्या आरोळीवर. हा वर्षातून एकदा येतो आणि त्याच्यासाठी एवढे घसे मोकळे होतात. मांडव मी घातला, दशावतारी मंडळींच्या जेवणाचं मी पाहिलं, खाऱ्या वाऱ्याने काळवंडलेल्या समया मी घासल्या. माझ्यासाठी कधी कोणी गाऱ्हाणं घातलं नाही.

मागे एकदा न राहवून काकांना विचारलंही होतं, "काका, हयसर रवतत तेंच्यासाठी गाऱ्हाणा नसता काय?"

ते हसले. "अरे, लांब गेलेल्याची देवाक आठवण करून देवची लागता. तू तर रोजचो डोळ्यांसमोर!"

डोळ्यांसमोरचा, म्हणूनच तर दिसत नाही. दारातल्या समुद्राची गाज आम्हांला तरी कुठे ऐकू येते? पाहुणा "वा!" म्हणतो, तेव्हा आमचे कान जागे होतात.

काकांनी पुन्हा आवाज चढवला, "तेच्या पोराबाळांक सुखी ठेव रे महाराजा!"

आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठा जो आवाज उठला, तो माझाच होता.

"व्हय महाराजा!"