कुजबुजणारी मुंगी

आमच्या शाळेच्या वेळापत्रकात माझ्या विषयाचं नाव ‘डिजिटल आर्ट’ असं छापलेलं आहे. मुलं त्याला ‘पिच्चरचा पिरियड’ म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मुलांचंच बरोबर आहे. शाळेकडे पाच टॅब आहेत, त्यातल्या एकाची काच तडकलेली. स्टूल उलटं ठेवायचं, त्याच्या दोन पायांना टॅब दोरीने बांधायचा आणि खाली क्लेची बाहुली उभी करायची. बाहुली केसभर सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची. असे शे-दोनशे फोटो भराभर दाखवले की बाहुली चालायला लागते. तिसरीच्या मुलांना हे पहिल्याच दिवशी समजतं, फक्त हात बाजूला घ्यायचं तेवढं समजत नाही. आजवर माझ्याकडे जमलेल्या सिनेमांत हत्ती आहेत, रॉकेट आहेत, आणि सगळ्यांत जास्त बोटं आहेत.

आवाजाचं काम मात्र मी घरी सोपवते. शाळेच्या एका बाजूला वैशाली नगरचा रस्ता, दुसऱ्या बाजूला पाढे म्हणणारी दुसरी, त्यात कसलं रेकॉर्डिंग होणार? म्हणून मी सांगायची की आईबाबांच्या फोनवर आपापले संवाद बोला आणि मला पाठवा. ज्या भाषेत घरी बोलता त्या भाषेत बोललात तरी चालेल. मग कुणाच्या संवादात मागे मिक्सर चालायचा, कुणाची आजी छत्तीसगढीत रागावत असायची. एकाच्या रॉकेटमध्ये तर अंतराळवीर उडता उडता भाजीवाल्याशी घासाघीस करत होता. मला हे सगळं मनापासून आवडायचं.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. आठ वर्षांची, घट्ट दोन वेण्या, बोलणं बेताचं. तिचे आजोबा भंडाऱ्याकडची शेती भावाला सोपवून भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये लागले आणि आता वडीलही तिथेच होते. वर्गात ती हिंदी बोलायची. पण मी एकदा व्हरांड्यात माझ्या आईशी फोनवर मराठीत बोलताना तिने ऐकलं आणि तेव्हापासून माझ्याशी एकटी असली की मराठी. तिने मुंगीचा सिनेमा केला होता. दोन मुंग्यांना भाताचं एक शीत घरी न्यायचं असतं आणि वाटेत एक राक्षस झोपलेला असतो. त्याच्या अंगावरून जावं लागतं, दुसरा रस्ता नाही. राक्षस काळ्या क्लेचा, पांघरुणाबाहेर त्याचे पाय आणि पलंगाखाली दोन मोठे बूट. मुंग्या त्या पायांवरून चढायच्या, पोटावर आल्या की श्वासासरशी वर-खाली व्हायच्या. पोट वर-खाली करायला पोरीने किती फोटो काढले असतील देव जाणे. एकाही फोटोत बोट नव्हतं.

आणि आवाज असा, की फोन कानाला लावला तरी नीट ऐकू येऊ नये. नुसती कुजबुज. राक्षसाशेजारी मुंग्या कुजबुजतील हे मान्य, पण हिने सिनेमाचं नाव कुजबुजत सांगितलं होतं, शेवटचं ‘धन्यवाद’सुद्धा कुजबुजतच. मला वाटलं, लाजते. मी पुन्हा करायला सांगितलं. तीन आठवड्यांनी नवं रेकॉर्डिंग आलं, तेही तसंच. मी जरा चढ्या सुरात म्हटलं की तोंडात मिठाची गुळणी धरून सिनेमा होत नाही. तिने मान हलवली आणि तिसऱ्यांदाही तेच पाठवलं. मी कॉम्प्युटरवर आवाज वाढवून पाहिला, तर तिच्याबरोबर पंखाही गरगरायला लागला.

वार्षिक कार्यक्रम चार दिवसांवर आला होता. मुलांचे सहा सिनेमे मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरलं होतं. मोठ्या मॅडमनी सगळे पाहिले आणि मुंगीपाशी थांबल्या. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला पाहिजे, नाहीतर हा सिनेमा काढून टाका, असं त्यांनी सांगितलं. सहांतला सगळ्यांत चांगला सिनेमा तोच होता आणि तो काढायला माझा जीव धजेना. मग मी मला फार हुशारीची वाटलेली गोष्ट केली. पाचवीत खणखणीत आवाजाची एक मुलगी होती, प्रार्थना तीच सांगायची. तिच्याकडून सगळे संवाद हिंदीत म्हणवून घेतले आणि चित्रांवर बसवले. मुंग्या आता अशा बोलत होत्या की रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जावं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या कौतुकाने मी ते तिला दाखवलं. तिने पूर्ण पाहिलं. रडली नाही, रुसली नाही. फक्त म्हणाली, “मॅडम, मुंगी अशी ओरडली तं तो जागा होऊन जाईल ना.”

मी म्हटलं, अगं, तो क्लेचा आहे.

“नाही, बाबा हायेत ते. नाईट ड्यूटी करून झोपले हायेत. आमच्या घरी दिवसा कोणीच जोरानं बोलत नाही. मम्मी कुकरची शिटीपण नाही होऊ देत.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. घर दोन खोल्यांचं. रेकॉर्डिंगला फोन मिळायचा तो बाबांचा, आणि तो मोकळा असायचा फक्त नाईटच्या आठवड्यात, दुपारी बाबा झोपले की. त्याची बॅटरी गेलेली, चार्जरला लावल्याशिवाय चालायचा नाही, आणि चार्जरचं बटण बाबांच्या उशाशी. म्हणून ती शाळेतून आली की त्यांच्या डोक्याजवळ जमिनीवर बसायची आणि मुंगीचे संवाद म्हणायची. बाबांची झोप मोडली तर रात्री भट्टीपाशी त्यांना डुलकी येईल, आणि तिथे डुलकी आली तर काय होतं हे तिच्या आईने तिला एकदा सांगितलं होतं. मी तिला तीनदा तिथे बसायला लावलं होतं, जोरात बोल म्हणून.

मला स्वतःची लाज वाटली. मी याच भिलाईत वाढलेली, पण स्मृती नगरातली, क्लार्कची मुलगी. माझे वडील सकाळी डबा घेऊन ऑफिसात जायचे आणि संध्याकाळी मोजे कुठे आहेत यावरून घर डोक्यावर घ्यायचे. आमच्याकडे कुणी हळू बोलल्याचं मला आठवत नाही. शिफ्टवाल्यांची घरं दुपारी कुलूप लावल्यासारखी गप्प का वाटतात, याचा मी जन्मात विचार केला नव्हता.

पाचवीच्या मुलीची मी माफी मागितली, तिने पेन्सिलीच्या एका डबीवर मला माफ केलं. मोठ्या मॅडमशी मात्र बरीच झकाझकी झाली. शेवटी त्या म्हणाल्या की ठेवा तुमची कुजबुज, पण लोक उठून गेले तर जबाबदारी तुमची. मी घेतली खरी. लोक हसले असते तर त्या पोरीने पुन्हा टॅबला हात लावला नसता, हे मला स्वच्छ दिसत होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मंडपात नेहमीचा गोंगाट होता. पाच सिनेमे झाले, टाळ्या झाल्या, मग मुंगी आली. पडद्यावर हलतंय आणि ऐकू काही येत नाही म्हटल्यावर मागून दोघे-तिघे आवाज वाढवायला सांगू लागले. ती माझ्या शेजारी उभी होती, तिने माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं. तेवढ्यात पडद्यावर पांघरुणाबाहेरचे पाय आले, पलंगाखालचे बूट आले. प्लांटचे सेफ्टी शूज होते ते, मला इतके दिवस नुसते बूट वाटले होते. मंडपातल्या बायकांना ते लगेच ओळखू आले. एकीने कडेवरच्या बाळाच्या पाठीवर थोपटलं, दुसरीने तोंडावर बोट ठेवून मागच्यांकडे वळून पाहिलं. बघता बघता तो अख्खा मंडप गप्प झाला, जसा त्यांच्या घरी रोज दुपारी होत असेल तसा. मुंग्या कुजबुजत पोटावरून उतरल्या आणि शीत घेऊन घरी गेल्या. ‘धन्यवाद’ शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचलं.

टाळ्या थांबल्यावरही मागे एक माणूस एकटाच वाजवत राहिला होता. नंतर मी वायरी गुंडाळत असताना तोच जवळ आला. डोळे तांबारलेले, नाईट करून सरळ इकडे आलेला. मी ओळखलं आणि आधी माफी मागितली, की माझ्यामुळे तीन-तीन वेळा तुमच्या झोपेशेजारी हे चालू होतं.

“झोपतो कुठं होतो जी मी,” ते हळूच म्हणाले. “डोये मिटून आयकून राहायचो. मले सारं पाठ हाय. उठलो असतो तं ती बंदच झाली असती. एका दिवशी अकरा खेप केलं तिनं, अकराव्या खेपेले बरोबर जमलं. लय वाटलं का टाळी वाजवाव. पण झोपला माणूस टाळी कसा वाजवंल?” मग इकडेतिकडे पाहून म्हणाले, “तिले नका सांगू.”

मी काही बोलायच्या आत ती धावत आली आणि त्यांच्या बोटाला लटकली. तिने विचारलं, “बाबा, तुमाले समजलं का सगळं? आवाज लय लहान होता.”

“समजलं ना,” ते म्हणाले. “पहिल्यांदाच आयकलं, तरी सारं समजलं.”

ती खूश झाली. मी गुंडाळलेली वायर सोडून पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.