राजाला उचलण्याआधी

सामान हलवणं हा त्याचा धंदा. कपाटं, पलंग, शिवणयंत्रं, कुणाच्या आजीचा आरसा. एका जिन्यावरून खाली, दुसऱ्या जिन्यावरून वर. जड वस्तू उचलण्याआधी तिच्यावर दोनदा थाप मारायची त्याची जुनी सवय. "निघालोय हे तिलाही कळायला नको का?" तो म्हणे.

अधूनमधून एखाद्या संध्याकाळी तो एका राजालाही उचलायचा. हौशी मंडळींचं ते जुनं शोकनाटक. शेवटी राजा विष पिऊन मरतो आणि चार शिपाई त्याला खांद्यावर घेऊन जातात. त्यांतला हा चौथा. तोंडी अवाक्षर नाही. घरीही त्याचं तेच नाव पडलं होतं. "चौथे, जेवायला चला," मुलगी हाक मारायची. बायको म्हणायची, "दिवसभर लोकांची कपाटं, संध्याकाळी राजा. हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटं नाही."

राजा म्हणजे औषधांच्या दुकानाचे मालक, खात्यापित्या घरचे. मेल्यावर ते बेतानं श्वास घेत पडून राहायचे. छातीवर दोन थापा पडल्या की छाती भरून घ्यायची आणि विंगेत पोचेपर्यंत सोडायची नाही, असा दोघांचा संकेत होता. "चौथा नसेल तर मी मरणार नाही," ते मंडळींना बजावत.

जिन्यात लोक म्हणायचे, "जपून हं, ओरखडा पडेल." बघायचे कपाटाकडे. नाटकात मात्र सगळं थिएटर गप्प व्हायचं आणि त्या शांततेतून तो चालत जायचा. एवढंच त्याचं काम, पण ते त्याला हवं होतं.

एका खेळाच्या आदल्या दिवशी जिन्याच्या वळणावर फ्रिज निसटला आणि त्याचा उजवा खांदा भरून आला.

"मास्तरांना सांगून टाका," तेल चोळताना बायको म्हणाली. मास्तर नाटक बसवायचे.

"सांगितलं की शिंप्याचा मेहुणा माझ्या जागेवर टपलेलाच आहे. एकदा त्यानं राजा उचलला की मी कायमचा प्रेक्षकांत."

"आणि हात गळून पडला तर?"

"एकदाच तर उचलायचंय."

राजा छान मेला. राणीचा विलाप संपला. एका हातात भाला घेऊन चौघं वाकले. सवयीनं त्यानं दोन थापा मारल्या, राजानं छाती भरून घेतली. त्यानं राजाच्या पाठीखाली हात घातला मात्र, मानेपासून कोपरापर्यंत तापलेली तार ओढल्यासारखं झालं. राजाचा खांदा वीतभर वर आला आणि परत खाली टेकला. बाकीचे तिघं वाकलेले तसेच राहिले.

"काय रे?" राजानं ओठ न हलवता विचारलं.

"खांदा गेला."

"श्वास कोंडलाय माझा!"

"थोडा दम धरा."

पुढच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. एक जण जरी हसला असता तरी सगळं मुसळ केरात. त्यानं भाला खाली ठेवून गुडघा टेकला. डाव्या हातानं आपल्या अंगावरचा झगा सोडवला आणि राजावर पांघरला, तोंडावरूनसुद्धा. मग तो शेजारी बसला. न पेलणारं कपाट जिन्याच्या चौकात टेकवून, त्याच्यावर हात ठेवून बसावं तसा. कापडाखाली राजानं श्वास सोडला, तो फक्त त्यालाच ऐकू आला. पहिल्या शिपायानं त्याच्याकडे पाहिलं, भाला खाली ठेवला आणि तोही बसला. मग उरलेले दोघं. पडदा जरा उशिरानं पडला. कोणी हसलं नाही.

आत मास्तर मुकुट फडक्यात गुंडाळत होते. "बसायला कुणी सांगितलं होतं?"

त्यानं खांद्याचं सांगितलं.

"आधी का नाही बोललास?"

"काढलं असतंत."

"काढलंच असतं!"

तोंडाचा रंग पुसत राजेसाहेब आले. "मला विचाराल तर मास्तर, इतक्या निवांत मी कधीच मेलो नव्हतो. फक्त फळ्या गार आहेत हो."

मास्तरांनी फडक्याची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "बसताना भाला आधी ठेवायचा," ते चौथ्याकडे न बघता म्हणाले. "दोघांनी नंतर ठेवले, आवाज झाला. पुढच्या खेळाला बाकीच्या तिघांनाही सांग."

बाहेर बायको थांबली होती. "द्या ती पिशवी. आज मी उचलते."

एरवी त्यानं दिली नसती. आज त्यानं ती पुढे केली, पण सोडण्याआधी पिशवीवर दोनदा थाप मारली.