मामांचं दुसरं उत्तर

"पुन्हा विचार," मामा म्हणायचे आणि उजव्या हाताची दोन बोटं माझ्या नाकासमोर धरायचे. "पहिल्यांदा काय सांगतंय ते सोड. दुसऱ्यांदा काय सांगतंय ते बघ."

एकदा सांगून ज्यांचं समाधान होत नाही अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. मामांना मात्र त्याचाच पगार मिळायचा. आणि आधीच सांगून टाकतो, हे लिहिताना मी रागात आहे. माणसावर जीव होता, अजूनही असेल, पण राग त्याहून जास्त आहे आणि तो झाकून ठेवायची मला हौस नाही.

शिरूरला एका हार्डवेअरच्या दुकानावर आमचं ऑफिस. रांजणगावच्या कंपन्यांना माणसं पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराची वेबसाइट आम्ही चालवायचो. कामगारानं फोनवर पान उघडायचं, उद्याची शिफ्ट आणि बसचा थांबा बघायचा, झालं. शिफ्टा लागल्या की सगळे एकदम तुटून पडायचे आणि मुख्य सर्व्हर मान टाकायचा. म्हणून त्याच्या पुढं एक कॅश सर्व्हर बसवला होता. एकदा आणलेलं पान त्यानं स्वतःजवळ ठेवायचं आणि त्याच माणसानं पुन्हा मागितलं की तेच द्यायचं, दर वेळी आत जाऊन विचारायचं नाही. हा मधला गडी पान बरोबर देतो की नाही हे तपासायचं काम मामांकडं होतं.

मामा वडगाव रासाईचे; नात्यानं माझे कोणी नाहीत, ऑफिसात सगळेच त्यांना मामा म्हणायचो. आजोबांपर्यंत घरात मेंढरं, वडलांनी शेती धरली, मामा आयटीआय करून कंपनीत लागले आणि तिथून कॉम्प्युटरला चिकटले. काळ्या स्क्रीनवर कमांड मारून चालवायचं एक टूल त्यांच्या हाती होतं. त्यात छोटी स्क्रिप्ट लिहायची. एक खोटा सर्व्हर, त्यानं काय बोलायचं ते आपण ठरवायचं. दोन खोटी गिऱ्हाइकं, त्यांनी काय मागायचं तेही आपणच ठरवायचं. मधला कॅश सर्व्हर तेवढा खरा. कोणाला काय मिळायला पाहिजे ते लिहून ठेवायचं आणि स्क्रिप्ट चालवायची. शेवटी एक ओळ येते, पास नाहीतर फेल.

"दोन्हीकडची सोंगं आपली," मामा हात चोळत म्हणायचे, "मधला येकटाच खरा. बघू काय दिवे लावतोय."

खोट्या गिऱ्हाइकांना ते आजोबांच्या मेंढ्यांची नावं द्यायचे. एक भुरी, एक चांदी. आमचे मालक वैतागायचे. "अहो मामा, कंत्राटदारानं हे बघितलं तर काय म्हणंल?"

"बघू द्या की. मेंढीचं नाव हाय, शिवी न्हाई."

मला एकदा म्हणाले, "सांजच्याला कोकरं सोडली की ज्येचं त्येच्या आयकडंच गेलं पायजे. आमचा आजा काठी टेकवून बघत बसायचा. आपलं काम त्येच हाय, फकस्त खुर्चीत बसून."

खालच्या चहावाल्याचा त्यांनी छळ मांडला होता. "साखर कमी हाय न्हवं?" "हाय मामा." एक घोट घ्यायचा, मिशी पुसायची आणि परत, "कमी हाय न्हवं?" "प्यायचा तर प्या, न्हाईतर ठिवा तिथं!" असा चहावाला भडकला की मामा खूश. "बघ, आता खरं बोलला."

दुपारी मला विचारायचे, "जेवलास का?" मी म्हणायचो, हो. डबा उघडून, ठेचा बोटानं चाखून पुन्हा, "जेवलास का?" मी तोंड उघडायच्या आत अर्धी बाजरीची भाकरी माझ्याकडं सरकलेली असायची.

माझी वहिनी निमोण्याहून रांजणगावला एका कंपनीत लाइनवर जायची, याच कंत्राटदाराकडून. लग्नानंतर पहिल्यांदा तिला खुरप्यातून सुटका मिळाली होती. गळ्यात बॅज घालून ती कंपनीच्या बसमध्ये चढायची तेव्हा थांब्यावरच्या बायका बघत राहायच्या, आणि तिलाही ते आवडायचं. का आवडू नये?

एकदा तिच्या फोनवर दुसरी, म्हणजे दुपारची शिफ्ट दिसली. ती दुपारी थांब्यावर जाऊन उभी राहिली, तर बसमध्ये माणसं चढवायला आलेला सुपरवायझर म्हणाला, बाई, तुमची सकाळची होती. खाडा पडला. काही दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा तिचा गेटपास बंद केला. कंत्राटदार म्हणाला, "बायकांना मोबाईल बघता येत न्हाई आन् नाव सिस्टीमला ठेवतात." बघता येत नाही म्हणे! आमच्या घरचा सातबारा मोबाईलवर तीच काढते, माझा भाऊ नुसता शेजारी बसून माना डोलावतो.

मामांना सांगितलं. त्यांनी सवयीनं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी तेच सांगितलं, मग ते स्क्रिप्ट लिहायला बसले. भुरीची शिफ्ट दुसरी, चांदीची पहिली. भुरीनं पान मागितलं, तिला तिचं मिळालं. लगेच पाठोपाठ चांदीनं मागितलं, तर तिलाही दुसरीच मिळाली. भुरीची. शेवटची ओळ आली, फेल.

"घावलं!" मामांनी टेबलावर असा हात मारला की माझा चहा सांडला.

झालं होतं असं, की वेग वाढवायचा म्हणून मालकांनी मागं एक बदल करून घेतला होता. कोण विचारतंय हे न बघताच कॅशनं पान द्यायचं. पानावर नावही नाही, नुसती शिफ्ट आणि थांबा. आपल्या हातात दुसऱ्याच कोणाचं पान आलंय हे वहिनीला कळणार कसं? आणि ती काय एकटीच असेल? कितीजणी खाडे सोसून गप्प बसल्या असतील देव जाणे.

"उद्या कंत्राटदार येणार हाय. वयनीला घिऊन ये," मामा म्हणाले. "मी बोलतो त्येच्यासमोर. तिला कामावर घ्यायला न्हाई लावलं तर नाव सांगणार न्हाई."

वहिनी आली ती डबा भरूनच आली. इकडचं मिटलं की तसंच शिफ्टला जाता येईल, असा तिचा हिशोब. एवढा भरवसा होता तिचा आमच्यावर. ती कडेच्या खुर्चीत बसली, डबा मांडीवर घेऊन. समोर मालक, कंत्राटदार, आणि लॅपटॉप उघडून बसलेले मामा.

मालकांनी विचारलं, "मामा, चूक आपल्या सिस्टीमची आहे का?"

"हाय," मामा म्हणाले. असं ठासून, की वहिनीच्या चेहऱ्यावर हसू आलं. "थांबा, दावतोच आत्ता."

कंत्राटदारानं लॅपटॉपकडं बघितलंसुद्धा नाही. मांडीवर मांडी टाकून म्हणाला, "मामा, तुमचा थोरला माझ्याकडंच हाय न्हवं? गुणाचं पोरगं. परमनंटसाठी नाव पुढं केलंय मी त्येचं." आणि हसला. काय हसला होता तो! आठवलं की अजून माझ्या मुठी वळतात.

मालक म्हणाले, "पुन्हा एकदा विचारतो मामा. नीट विचार करून सांगा."

मामांनी एकदा स्क्रीनकडं बघितलं. मग त्यांनी स्वतःच्या हातानं लॅपटॉप मिटला.

"न्हाई," ते म्हणाले. "फोनमधी कायतरी गडबड आसंल."

मी खुर्ची ढकलून उठलो. "मामा! काल घावलं म्हणून टेबल बडवणारे तुम्हीच ना? उघडा तो लॅपटॉप, नाहीतर मी चालवून दाखवतो!"

"तू तिच्या घरातला माणूस," मालक शांतपणे म्हणाले. "तुझं कोण धरणार?" आणि लॅपटॉप आपल्याकडं ओढून घेऊन त्यांनी कंत्राटदारासाठी चहा सांगितला. माझ्या देखत. वहिनीच्या देखत. मामा टेबलाच्या कडेकडं बघत बसले होते. लाज वाटत होती तर बोला ना! नुसती मान खाली घालून कोणाचं भलं होतं?

जिन्यात मी शिव्या घालत होतो. वहिनी म्हणाली, "भावजी, वरडू नका. त्यांनी दोनदा सांगितलं, दोन्ही मी ऐकलं. पहिलंच खरं व्हतं." मग डब्याकडं बघून म्हणाली, "चला, घरी जाऊन जेवू."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात पोचलो तेव्हा मामा येऊन गेलेले होते. खुर्ची रिकामी, ऑफिसची किल्ली मालकांच्या टेबलावर. कॅशची ती खोड त्यांनी काढून टाकली होती. पान ज्याचं त्यालाच मिळेल असं केलं होतं, कोणाला न विचारता. मी त्यांची टेस्ट चालवली. पास. स्क्रिप्ट उघडून बघितली तर भुरी तशीच होती, चांदीच्या जागी माझ्या वहिनीचं नाव होतं.

ती टेस्ट आम्ही आजही रोज चालवतो. त्यातली खोटी वहिनी रोज आपली शिफ्ट मागते आणि तिला तिचीच शिफ्ट मिळते. खरी वहिनी लोकांच्या रानात झेंडू तोडायला जाते. कंपनीची बस समोरून गेली की ती पाठ करून उभी राहते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

पोराचं कारण मला कळत नाही असं नाही. बापाचं काळीज आहे. पण रात्रीतून चूक दुरुस्त करायला ज्यांचे हात चालले, त्यांचं तोंड का चाललं नाही? एक शब्द. पहिल्यांदा बोललेलाच शब्द पुन्हा बोलायचा होता.

परवा दौंडला गेलो होतो, पाहुण्यांना आणायला. स्टेशनच्या बाहेर मामा दिसले. मुलीकडं राहतात आता, असं ऐकलं होतं. हातात पिशवी, मिशी पांढरी झालेली. मला बघून थबकले, मग जवळ आले.

"वयनी बरी हाय न्हवं?"

"बरी आहे," मी म्हणालो.

आणि थांबलो. खरं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. झेंडू, बस, पाठ, सगळं. त्यांनी पुन्हा विचारायचा अवकाश, तिथंच चारचौघांत सगळं बाहेर काढणार होतो. त्यांचा उजवा हात जरासा वर आला. मला ती दोन बोटं दिसणार असं वाटलं.

मामांनी त्या हातात पिशवी घेतली. "बरं, बरं," म्हणाले आणि वळून गर्दीतनं चालायला लागले.

पुन्हा विचारलं नाही त्यांनी.