आयताच्या चार रेषा

मंडळी, तुम्ही सगळे कसब्यातल्या माझ्याच ओसरीवर शिकलात, म्हणून आज सकाळी झालं ते तुम्हालाच सांगतो.

धूळपाटीवर चौरस काढून मी दाखवलं की तो चार रेषांवर दुमडता येतो आणि दोन्ही भाग जुळतात. दोन रेषा मधून, दोन कोपऱ्यांतून. मग आयत काढला आणि नेहमीसारखं म्हणालो, "याच्याही चार."

पेशव्यांच्या पागेतल्या स्वाराचा मुलगा गोविंदा, वय सात. म्हणाला, "पंतोजी, कोपऱ्यातून नाही जुळत."

"फार शहाणा आहेस. धर अंगठे."

तो वाकला. त्याची जिरवायला मी खांद्यावरचा पंचा काढून कोपऱ्यांतून दुमडला. दोन टोकं बाहेरच राहिली. पुन्हा दुमडला, पुन्हा तेच.

सगळी पोरं बघत होती. पंचा खाली ठेववेना, खांद्यावर टाकवेना. चूक म्हणावं तर बावीस वर्षं शिकवलेलं खोटं ठरतं, बरोबर म्हणावं तर पंचा सगळ्यांसमोर.

गोविंदानं वाकूनच विचारलं, "पंतोजी, उठू का?"

त्याला उठवलं. आयताच्या रेषा दोनच, हेही सांगितलं.

आता तुम्ही सांगा. इतक्या वर्षांत तुमच्यापैकी एकानंही पंचा दुमडून पाहिला नाही? की पाहिला होता, आणि अंगठे आठवले?