जादाचे पाच म्हातारे

सावळाराम वारल्यानंतर सारजाबाई तव्यावरून उतरलेली भाकरी गरम असतानाच खायला लागली. हे तिने कुणाला सांगितले नाही. मांडवगण फराट्यात विधवेने चवीने जेवावे असा रिवाज नव्हता, आणि तिला रिवाज मोडायचाही नव्हता. दार लोटून घ्यायचे आणि जेवायचे, एवढेच.

माणूस वाईट नव्हता. हात कधी उचलला नाही. पण तो असला की सारे घर त्याच्या तोंडाकडे बघत असे. बाहेरून आला की उंबऱ्याशी थांबून एकदा खाकरायचा. त्या आवाजासरशी सारजाबाईचा हात पदराकडे जायचा आणि चाललेले बोलणे जिथल्या तिथे थांबायचे. मुलगा रेल्वेत, दौंडला, सून-नातवंडे तिकडेच. आता घरात ती आणि एक शेळी. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला घर आपले वाटू लागले होते.

सत्तावन सालच्या पावसाळ्यात फ्लूचा ताप आला. घरोघरी माणसे आडवी झाली आणि उठलीही. पण पारावर बसणारे म्हातारे उठले नाहीत. वर्ष सरेपर्यंत साठीच्या वरचे अकरा पुरुष गेले. घरोघर फिरून बांगड्या भरणाऱ्या लालबीची त्या साली आठ गिऱ्हाइके कमी झाली, आणि तिचे स्वतःचे हातही मोकळे झाले. अकरांतला एक तिचा कासम होता, आणि एक सावळाराम.

लालबीचा थोरला, अयुब, पुण्याला सरकारी कचेरीत कारकून होता. तापाने जादा माणसे किती मेली ते काढायचे काम पुढच्या वर्षी त्याच्याकडे आले. यवत, भांडगाव उरकून तो आपल्या गावी आला आणि घरोघर मेलेल्यांची वये विचारत हिंडला.

"सावळारामआप्पांचं वय काय होतं, मामी?"

"मानमोडीच्या साली आमचं लगीन. तवा त्यांची विशी सरलेली. धर तूच."

मानमोडीची साथ अठरा सालची; अयुबने साठ-एकसष्ट धरले.

चार दिवसांनी लालबीच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या, तेव्हा त्याने उत्तर सांगितले. "मागच्या दहा वर्षांचं पाहिलं. गावात साठीच्या पुढचे पुरुष शंभराला थोडे कमी. त्यातले साध्या वर्षी सहा जातात. गेल्या साली अकरा गेले. म्हणजे पाच जादा. बाया मात्र दरसालाइतक्याच."

"बायांना कुठली सवड!" शेजारची दगडाबाई म्हणाली. "ताप आला तरी आधी भाकऱ्या थापायच्या, मग निजायचं."

बायका हसल्या. अयुबही हसला. "पारावर एकच चिलीम सगळ्यांच्या तोंडात फिरायची. त्यानंच घात केला असेल."

सारजाबाई हसली नव्हती. "मग ते पाच कोन?" तिने विचारले.

"कोण म्हणजे?"

"सहा जायाचेच व्हते, ते गेले. जादाचे पाच कोन?"

"तसं नसतं मामी. हा नुसता आकडा आहे."

"आकडा कसा मरंल? माणूस मेला न्हवं?"

दगडाबाई आवाज उतरवून म्हणाली, "येळ नसताना गेलेला जात नसतोय, बाई. त्याचं दिस शिल्लक असत्यात. ते फिटंस्तवर त्यो हितंच."

"आमच्यात असलं काय न्हाई," लालबी फटकन म्हणाली. "ज्याची त्याची घडी ठरलेली. जादा कुनी मरत न्हाई. अयुब, ते तुझं गणित चुलीत घाल आन् जेवाय चल."

अयुब पुण्याला गेला. गणित गावात राहिले.

पहिल्यांदा ते भर दुपारी झाले. सारजाबाई भाकरी ताटात घेऊन बसली होती. उंबऱ्याशी कुणीतरी खाकरले. हात आपोआप पदराकडे गेला, डोके झाकले गेले, आणि मग तिला कळले की आपण काय केले. दारात ऊन होते. बांधलेली शेळी मात्र उठून उभी राहिली होती, आणि तिची मान हळूहळू वळत होती. कुणीतरी अंगणातून घरात चालत यावे तशी.

भाकरी गार झाली. तिने ती तशीच खाल्ली.

मग रोजच. तांब्यातले पाणी उतरलेले दिसायचे. बसल्या जागी तंबाखूचा वास यायचा. तिकडे दगडाबाईच्या दोरीवर तिच्या वारलेल्या म्हाताऱ्याचे जुने धोतर ओले मिळाले. धुतले कुणी, ते कुणालाच माहीत नव्हते. सारजाबाईला भुताची भीती नव्हती. तिला भीती होती ती शिल्लक दिवसांची. सावळारामचे वडील ऐंशी वर्षं जगले होते. म्हणजे अजून वीस वर्षं? वीस वर्षं पदर सावरायचा?

पुढच्या रविवारी अयुब आला तशी ती त्याच्यापुढे जाऊन बसली.

"सांग. आमचे त्या पाचांत हायती का?"

अयुबने कपाळाला हात लावला. "मामी, मापात ज्वारी भरली आणि वर पसाभर टाकली, तर पसा जादा झाला एवढं कळतं. त्यातला कुठला दाणा वरचा, ते कसं सांगू?"

"दाण्याला बायकू नसती," सारजाबाई म्हणाली.

अयुबने तिच्याकडे पाहिले. घरात ती दोघेच होती, तरी तिने पदर डोक्यावर घट्ट ओढून हनुवटीशी मुठीत धरला होता.

"सावळारामआप्पा नेमातले," तो शेवटी म्हणाला. "ते जायचेच होते, मामी. जादाचे दुसरे."

"पक्कं?"

"पक्कं."

त्या दुपारी उंबऱ्याशी आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सारजाबाई पुन्हा गरम भाकरी खाऊ लागली.

महिन्याभराने गिरणीत दळण घेऊन बायका नंबराला बसल्या होत्या. दगडाबाई खुशीत होती. "आमचे तर नेमातले निघाले. म्या अयुबला इचारलं."

"आमचेबी नेमातलेच," रंगुबाई म्हणाली.

"सासरे आमचेबी," एक तरणी सून म्हणाली. "त्यो म्हनला मला, रस्त्यातच भेटला व्हता."

सारजाबाईने मान वर केली. गिरणीच्या आवाजात एकेक बाई ओरडून सांगत होती, आणि जी आली नव्हती तिचे शेजारीण सांगत होती. लालबीही डोक्यावरची टोपली सावरत म्हणाली, "आमच्यात तर जादा नसतंच." सारजाबाई बोटांवर मोजत होती. दहा बोटे संपली आणि वर एक.

त्याच वेळी गिरणीवाल्याने पट्टा काढला. एकदम शांत झाले. अकराही घरांनी आपापला माणूस नेमात घातला होता, आणि पाच माणसे कुणाचीच नव्हती. रंगुबाई दळण न दळताच डबा उचलून घरी गेली.

त्यानंतर आवाज घरांतून उठला आणि गल्लीत आला. दुपार टळताना गल्लीच्या टोकाशी कुणीतरी खाकरायचे. थोड्या वेळाने पुढच्या दाराशी. मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक दाराशी थांबून, आत घेतात का ते पाहावे, तसे. पोरेसोरे घरात ओढली जायची, कड्या लागायच्या. कुत्री भुंकायची नाहीत; वाट सोडून भिंतीला लागून बसायची. बायका आतून ओरडायच्या, "आमचे न्हवं! आमचे नेमातले!" आणि तो पुढे सरकायचा.

सारजाबाईनेही कडी लावली होती. दिवस श्रावणाचे होते, बाहेर भुरभुर चालली होती. दगडाबाईने आतून नेहमीचे ओरडून सांगितले. मग तो सारजाबाईच्या दाराशी आला. खाकरला. आवाज थकलेला होता. सावळारामचा होता का, ते तिला सांगता येईना. चाळीस वर्षं ऐकलेला आवाज, आणि ओळखता येईना.

"आमचे न्हवं" एवढे म्हणायचे होते. तोंडात आलेही होते. म्हटले की घर आपलेच राहणार होते.

बाहेर पागोळ्या गळत होत्या. तो तसाच उभा होता. दुसऱ्यांदा खाकरलासुद्धा नाही.

"समद्या गावात एकानंबी आत घेतलं न्हाई व्हय," सारजाबाई पुटपुटली, आणि तिने कडी काढली. मग दाराकडे पाठ करून चुलीशी गेली. "या. पाय धुऊन बसा."

शेळी उठून उभी राहिली. मागून गार वारा आला, आणि भिंतीशी कुणीतरी टेकल्यासारखे झाले.

पुढच्या रविवारी ती लालबीच्या घरी गेली. अयुब जेवत होता.

"एक माझ्याकडं लाव," ती म्हणाली. "चार उरले. त्यांचं तू बघ."

अयुबचा घास हातातच राहिला. लालबीने लेकाकडे पाहिले.

"मामी, मी तुम्हाला सांगितलं ना, सावळारामआप्पा..."

"ते न्हाईत," सारजाबाई म्हणाली. "त्ये असते तर एव्हाना मिठावरनं बोलले असते. ह्यो कोन हाय ते म्या इचारलं न्हाई. गुमान बसतोय, बिचारा."

अयुब तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. पदर तिच्या खांद्यावर होता.

"चलते," ती उठत म्हणाली. "भाकरी टाकायची येळ झाली. त्यालाबी गरमच लागती."